सिलवानीवाली

भोपाळात तुलसी नगरच्या मैदानात दर रविवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तिथं कडुनिंबाखाली एक बाई बसते. तिला जाऊन तुम्ही "लौकी है क्या?" असं विचारलं तर ती तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही. समोर दुधीचा ढीग असेल, तुमचा हात त्या ढिगावर असेल, तरी नाही. तुम्हाला विचारावं लागतं, "बडे बाबू हैं क्या?" मग ती एकदम खुलते. "हैं ना! छोटे वाले दूँ कि रिटायर वाले?"

रिटायर वाले म्हणजे जून.

दुधीला बडे बाबू का म्हणायचं, तर तिचं म्हणणं असं: "लंबे, गोरे, चिकने. अपना कोई स्वाद नहीं. जिसके साथ डाल दो, उसी के हो गए." मी चौतीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. बडे बाबू पुष्कळ पाहिलेत. मला लगेच पटलं.

कारल्याचं नाव जिज्जी. जिज्जी म्हणजे तिची थोरली नणंद. "काटो, नमक लगाओ, निचोडो, धूप में सुखाओ. फिर भी जिज्जी तो जिज्जी." घोसाळं, ज्याला इकडे गिलकी म्हणतात, ते छोटी बहू. कढईत घालताना डोंगराएवढी, पाच मिनिटांनी झाकण काढलं तर वाटीभर, तीही रडून पाणी पाणी झालेली. मुळा म्हणजे मास्साब, आपले शाळामास्तर, कारण आल्याचं लांबूनच कळतं. वाटाणा म्हणजे बाराती. चार दिवस मिरवतात आणि मागं टरफलांचा ढीग ठेवून जातात. कोथिंबीर म्हणजे मुफ्तवाली. का ते सांगायला नको.

हे सगळं ती गमतीनं करते असं समजू नका. हसत नाही ती. पळायचे बूट घातलेला एक पोरगा मोबाइल पुढं धरून विचारत होता, "आंटी, ये भटा जैविक है?" तिनं वांगं उचललं, त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "थानेदार खुद खडे हैं, इन्हीं से पूछ लो." पोरगा वांग्याकडे बघतच राहिला. काही लोक पहाटे करोंदच्या मंडीतून माल उचलतात आणि इथं येऊन स्वतःच्या शेतातला म्हणून विकतात. त्यांना ती "रातोंरात के किसान" म्हणते. त्यांच्या तोंडावर म्हणते.

तिच्या शेजारी गूळवाला बसतो. हल्केराम त्याचं नाव. नाव हल्के, आणि वजन असं की त्याच्या खालचं खोकं दर महिन्याला बदलावं लागतं. नवं गिऱ्हाईक आलं की हल्केराम दुभाष्याचं काम करतो. "भैया, लौकी मत बोलो, बडे बाबू बोलो, नहीं तो शाम तक खडे रहोगे." बाईला सगळा बाजार "सिलवानीवाली" म्हणतो. मीही तेच म्हणायचो.

आता मी तिथं कसा पोचलो ते सांगतो.

मी वरुडकडचा. सातवी शिकलेला. नोकरी लागली तेव्हा भोपाळला आलो, इंद्रपुरीत घर केलं, इथलाच झालो. मागच्या मार्गशीर्षात बायको गेली. आजारी चारच दिवस होती. तिला कुणाला त्रास द्यायची सवय नव्हती, जातानाही दिला नाही. त्रास नंतर झाला. भाजी घरात कुठून येते हे मला चव्वेचाळीस वर्षं माहीत नव्हतं. नळाला पाणी येतं तशी भाजी येते, असं मी धरून चाललो होतो. ती गेल्यावर दीड महिना मी खिचडी खाल्ली. सकाळी खिचडी, संध्याकाळी सकाळची खिचडी. पुण्याहून मुलीचा फोन यायचा. सुनी म्हणायची, "बाबा, आई रविवारी ज्या बाजारात जायची तिथं जाऊन या. चार माणसांत जा." मी म्हणायचो, "चार माणसं काय माझ्या पोळ्या लाटणार आहेत?"

पण खिचडीचा कंटाळा आला. दाराच्या मागं तिची पिशवी लटकत होती ती घेतली आणि बसनं तुलसी नगरला गेलो.

कारखान्यातली हिंदी मला चांगली येते. नट, बोल्ट, हप्ता, शिवी. स्वयंपाकघरातली हिंदी सगळी सुनीच्या आईकडे होती, ती तिच्याबरोबर गेली. मला खिचडीवर टाकायला कोथिंबीर हवी होती. आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी या बाईसमोर उभा राहिलो आणि चांगल्या आदबीनं म्हणालो, "ताई, थोडा सांबार होना."

ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

"पहली बात," ती म्हणाली, "ताई किसको बोला? मैं तेरे ताऊ की लुगाई हूँ? बाल तेरे सफेद, दाँत तेरे गायब, और ताई मैं?"

आपली ताई म्हणजे बहीण. त्यांची ताई म्हणजे बापाच्या थोरल्या भावाची बायको. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण कारखान्यात ताया नव्हत्या.

"दूसरी बात," ती म्हणाली, "सांबर चाहिए तो दोसेवाला उधर गेट पे बैठता है."

हल्केराम असा हसला की त्याच्या खालचं खोकं कुरकुरलं. मला राग आला. मी हातवारे करून सांगितलं, हिरवा पाला, बारीक, वरून टाकतात. "अच्छा, मुफ्तवाली!" ती म्हणाली. "तो पहले बोलते ना, बब्बा."

बब्बा म्हणजे आजोबा. मी म्हणालो, "बब्बा किसको बोला?"

ती पहिल्यांदा हसली. "हिसाब बराबर," म्हणाली, आणि माझ्या पिशवीत कोथिंबिरीची अख्खी जुडी टाकली.

तिची दुसरी खोड अशी की काय करणार ते सांगितल्याशिवाय ती भाजी देत नाही. मुळा मागितला तर विचारते, कसा करणार. उत्तर चुकलं तर मुळा परत ढिगावर. मी म्हणालो, "कच्चा खाऊँगा, नमक लगाके." तिनं विचारलं, आणि पानं? मी म्हणालो, फेकणार. तिनं मुळा माझ्या हातातून काढूनच घेतला. "मास्साब की सारी अकल पत्तों में है और ये पत्ते फेंकेगा!" मग विचारलं, "घर में बनाता कौन है?"

"मैं."

"और घरवाली?"

"नहीं है."

तिला वाटलं, गावाला गेली असेल. मीही पुढं बोललो नाही. भाजीवालीला काय सांगायचं.

पण त्या दिवसापासून तिनं मला शिकवायला घेतलं. मुळ्याची पानं कशी चिरायची, दाबून पाणी कसं काढायचं, बेसन कधी भुरभुरायचं. बथुआ, म्हणजे आपला चाकवत, ताकात कसा घोटायचा. हरभऱ्याची कोवळी पानं आणली तेव्हा म्हणाली, "इसमें तेल कम, सबर ज्यादा." दर रविवारी आधी मागच्या आठवड्याची उलटतपासणी व्हायची. जळलं? किती जळलं? वरून की खालून? मी खरं सांगायचो. खोटं सांगून कुठं बढती मिळणार होती. हल्केराम मधे तोंड घालायचा, "बब्बा, गुड डाल दो, सब ठीक हो जाता है." ती म्हणायची, "तू चुप रह, तूने गुड डाल-डाल के अपना क्या हाल किया है."

आणि मोसमाच्या बाबतीत तर ती हट्टीच. फाल्गुनात एका साहेबाची बायको आली, वाटाणा मागायला लागली. बाई म्हणाली, "बारात लौट गई." ती म्हणाली, मॉलमध्ये मिळतो की. "वो बारात नहीं है मेमसाब, वो बारात की फोटो है." मॅडम फणकाऱ्यानं गेल्या. बाईला काही वाटलं नाही. जे शेतात आहे तेच विकायचं, जे गेलं त्याची वाट बघायची. मी मनात म्हणालो, वाटाण्याचं बरं आहे, त्याची वाट बघता येते.

तरी सांगतो, त्या दोन-तीन महिन्यांत मी माणसात आलो ते या बाईमुळे. रविवारी सकाळी उठायला काही कारण झालं. दाढी करायला लागलो. मुळ्याची भाजी जमली तेव्हा सुनीला फोनवर दाखवली. तिला रडू आलं. मी म्हणालो, "रडतेस काय, भाजी बघ."

मग चैत्र संपता संपता एक रविवार आला.

ऊन चढलेलं होतं. मी गेटातून आत शिरतोय तोच तिचा आवाज कानावर आला. तिचा आवाज मोठा आहे, मैदानाच्या या टोकाचं त्या टोकाला ऐकू जातं. ती ओरडत होती, "मालती ले लो! ताजी मालती, नरम मालती! सबेरे की तोडी मालती!"

मी होतो तिथंच उभा राहिलो.

मालती माझ्या बायकोचं नाव.

आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत. आता घेतात, आमच्या वेळी नाही घ्यायचे. लग्नात बायांनी दार अडवलं होतं तेव्हा एकदा घेतलं, तेही चुलतभावानं पाठीत गुद्दा घातला म्हणून. त्यानंतर "ऐक गं", "अगं ए". सुनी झाली तशी "सुनीची आई". दवाखान्यात कागदावर पेशंटचं नाव विचारलं तेव्हा मला क्षणभर आठवेना. खरं सांगतो. तिथली नर्स माझ्याकडे बघत राहिली. जे नाव मी चव्वेचाळीस वर्षं घरात घेतलं नाही ते इथं भर मैदानात, ताजी काय, नरम काय, दहाला एक जुडी काय.

मी जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो. टोपलीत बघितलं तर चिवळ. चिवळ तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. घोळीची धाकटी बहीण. जमिनीला चिकटून वाढते, देठ लालसर, पानं तांदळाएवढी, चव आंबूस. वऱ्हाडात उन्हाळ्यात डाळ घालून नाहीतर बेसन पेरून करतात, ज्वारीच्या भाकरीबरोबर. गेले दोन-तीन उन्हाळे आमच्या घरीही व्हायची. भोपाळात ही मिळते कुठं, असं मी कधी विचारलं नाही. मी फक्त खाल्ली.

"ये क्या नाम लगाया है?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"मालती. और क्या."

"मालती इसका नाम नहीं है!"

"अरे वाह! बब्बा को कल तक मूली पकडना नहीं आता था." ती हल्केरामकडे बघून म्हणाली. मग मला म्हणाली, "सुनो, बाकी सबके नाम मैंने रखे, मानती हूँ. इसका नहीं रखा. ये एक ही है जिसका असली नाम मुझे मालूम है. खुद पूछा था मैंने."

कुणाला विचारलं होतं? एका मराठी अम्माला. चष्म्याला काळी दोरी बांधायची ती.

ती दोरी माझ्या ओळखीची होती. बाई सांगत राहिली. तीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. कांद्याच्या वावरातलं तण उपटून ती टोपलीच्या तळाला घालायची, वरच्या भाज्या गार राहाव्यात म्हणून. उरलेलं जनावरांना. ती अम्मा आली, तिनं दुधी घेतला नाही, वांगं घेतलं नाही, वरच्या सगळ्या भाज्या बाजूला सारून तळातलं ते तण मूठभर काढलं आणि लहान पोरीसारखं नाकाला लावलं. बाई म्हणाली, अम्मा, हे ढोराचं आहे. अम्मा म्हणाली, ढोरं हुशार आहेत. कशी करायची तेही सांगितलं. मग बाईनं विचारलं, "इसका… नाम क्या है?" पलीकडं लाउडस्पीकर चालू होता. अम्माला अर्धंच ऐकू आलं असावं. अम्मानं चष्मा सारखा केला, पदर नीट केला आणि म्हणाली, "मालती."

हे मला जसं सांगितलं तसं मी लिहितोय. पदर नीट केला, हे बाईनं स्वतः करून दाखवलं.

सुनीच्या आईला वाटलं, हिनं आपलं नाव विचारलं. भोपाळात इतकी वर्षं काढली, शेजारणींची ती वहिनी, पोरांची काकू, माझी सुनीची आई. नाव विचारलं कुणी असेल तिला? कुणीतरी विचारलं, तिनं पटकन सांगून टाकलं.

"अगले इतवार मैं टोकरी भर के लाई," बाई म्हणाली, "और चिल्लाई, मालती ले लो! अम्मा यहीं खडी थीं. ऐसी हँसीं, ऐसी हँसीं, हल्के के खोखे पे बैठ गईं. आँख से पानी. मैंने पूछा, क्या हुआ? बोलीं, कुछ नहीं, बहुत अच्छा नाम है, ऐसे ही चिल्लाना."

हल्केराम म्हणाला, "सर्दियों से नहीं दिखीं. बेटी के यहाँ गई होंगी."

माझ्या तोंडाला लगाम नाही, कधीच नव्हता. मी म्हणालो, "मर गईं. मेरी घरवाली थी वो. ये नाम उसका है, घास का नहीं. अब नहीं चिल्लाना. बंद करो."

बाईनं माझ्याकडे बघितलं. ओला बोरा, म्हणजे पोतं, उचलला आणि टोपलीवर घातला, चारी बाजूंनी नीट दाबला. "हओ," म्हणाली. भोपाळात हो ला हओ म्हणतात. तेवढंच. मी रिकामी पिशवी घेऊन घरी आलो.

मला वाटलं, बरं केलं. बायकोचं नाव रस्त्यावरून उचलून आणलं.

पुढच्या रविवारी गेलो. ती बडे बाबू ओरडत होती, छोटी बहू ओरडत होती. चिवळ टोपलीत होती, पण तिच्यावर आवाज नव्हता. माझी उलटतपासणी तिनं घेतली नाही. दुधी पिशवीत टाकला आणि "बब्बा, सँभाल के" म्हणाली, तेही मऊ आवाजात. मला तो मऊ आवाज सहन होईना. तिच्या शिव्या बऱ्या होत्या.

त्याच्या पुढच्या रविवारी दोन मुलांचं बोट धरून एक बाई आली. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरातली असावी. "दीदी, मालती नहीं आई क्या? बच्चों को मालती के पराठे चाहिए." सिलवानीवालीनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "नहीं है." टोपली तिच्या मांडीला लागून होती. ती गेली तसे एक म्हातारे गृहस्थ आले. "मालती?" "नहीं है." मग एक नर्सच्या कपड्यातली मुलगी. "नहीं है, बेटा. खतम."

मी हल्केरामच्या शेजारी उभा होतो. हळूच विचारलं, "कितने लोग लेते हैं?"

"मालती? आधा तुलसी नगर खाता है," हल्केराम म्हणाला. "अम्मा खुद खडी होके सबको तरीका बताती थीं."

मी घरी जाऊन बसलो. घरात आवाज नसतोच. पण त्या दिवशी मला कळलं, सगळ्या दुनियेत एकच जागा होती जिथं तिचं नाव कुणी मोठ्यानं घेत होतं, आणि ती मी बंद पाडली. मी घेत नव्हतो. दुसऱ्यांनाही घेऊ दिलं नाही. उन्हाळा संपत आला होता. आणखी दोन-तीन रविवार गेले की चिवळ संपणार, आणि पुढच्या वर्षी लोक म्हणणार, ते काय होतं बरं, बारीक पानांचं. आठवणार नाही कुणाला. आठवेना होणं काय असतं ते मला दवाखान्यात कळलंय.

पुढच्या रविवारी सकाळी सकाळीच गेलो. अजून ती बोरे सोडत होती. मी म्हणालो, "वो नाम चिल्लाओ."

"कौन सा?"

"तेरे को मालूम है कौन सा."

तिनं कंबरेवर हात ठेवले. "वाह! एक दिन बोला बंद करो, एक दिन बोला चालू करो. मैं क्या बिजली का बटन हूँ?" हा तिचा जुना आवाज होता. मला बरं वाटलं. "मैं नहीं चिल्लाती. आपकी घरवाली, आप चिल्लाओ."

"मैं?"

"नाम तो आता होगा?"

हल्केराम खाली बघून गुळाच्या ढेपा पुसायला लागला. गिऱ्हाईक येऊ लागलं होतं. मी टोपलीवरचा ओला बोरा काढला. एक जुडी हातात घेतली. पाण्याचे थेंब होते त्यावर. तोंड उघडलं तर आवाज निघेना. दुसऱ्यांदा निघाला, पण असा की कावळ्यानं मान फिरवावी. "मालती," मी म्हणालो.

"बब्बा, बेच रहे हो कि माफी माँग रहे हो?" ती म्हणाली. "पेट से!"

मग मी पोटातून ओरडलो. "मालती! मालती ले लो! ताजी मालती!" एकदा सुरू झालं ते थांबेना. दहा वेळा ओरडलो असेन, वीस वेळा. चव्वेचाळीस वर्षांची थकबाकी होती ती. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते उन्हामुळे. परवाची ती दोन मुलांची आई आली आणि म्हणाली, "अंकल, दो गड्डी." मी दिल्या. पराठ्यात ओवा घाला म्हणून सांगितलं. ओवा घालायचा की नाही मला माहीत नाही, पण कुणीतरी सांगायला पाहिजे.

टोपली रिकामी झाली तेव्हा सिलवानीवाली माझ्यासाठी हल्केरामकडून गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. मी खोक्यावर बसलो. आभार मानायची मला सवय नाही. म्हणून विचारलं, "सबके नाम सब्जियों को दिए. तेरा कौन सी सब्जी को दिया?"

"हमारा?" ती म्हणाली. "हम तो सिलवानीवाली हैं."

"वो तो गाँव का नाम हुआ. तेरा?"

ती पानं वेचत बसली. मग सांगायला लागली, पण माझ्याकडे बघून नाही, पानांकडे बघून. तिच्या सासरी सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात. सागरची असली तर सागरवाली, सिलवानीची असली तर सिलवानीवाली. सोळाव्या वर्षी आली. सासूनं तेच म्हटलं, दिरांनी तेच म्हटलं. नवरा काहीच म्हणायचा नाही, नुसता खाकरायचा. आता तोही नाही. मुलं मंडीदीपला कारखान्यात आहेत, ती अम्मा म्हणतात. आई होती तोवर माहेरी गेलं की नाव कानावर पडायचं. आईला जाऊन बारा वर्षं झाली.

"शुरू-शुरू में कोई बात नहीं करता था," ती म्हणाली. "घूँघट डाल के दिन भर खेत में. तो लौकी से बात कर लेती थी, करेले से कर लेती थी. अब बात करनी है तो नाम से बुलाना पडेगा ना? बिना नाम के किसी को क्या बुलाओ."

"नाम क्या है तुम्हारा?" मी पुन्हा विचारलं.

तिनं हातातली पानं टोपलीत टाकली. मग एकदम बारीक आवाजात, हल्केरामला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, म्हणाली, "दुलारी." आणि लगेच मोठ्यानं, "चलो बब्बा, उठो, जगह खाली करो, धंधे का टाइम है."

दुलारी म्हणजे लाडकी. असं नाव ठेवलेल्या बाईला सगळे गावाच्या नावानं हाका मारतात, यावर मी आठवडाभर विचार करत होतो. मी विचार करणारा माणूस नाही. पण या बाईनं मला मुळा धरायला शिकवलं, दोन वेळचं जेवण शिकवलं, आणि माझ्या बायकोचं नाव तीन उन्हाळे माझ्याऐवजी घेतलं. त्याची परतफेड भाजी विकत घेऊन होत नाही.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा ती खाली वाकून जांभळं चाळणीत निवडत होती. मी चार पावलांवर उभा राहिलो आणि हाक मारली, "दुलारीबाई!"

तिनं काही वर बघितलं नाही. हल्केरामनं बघितलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, ही कोण नवी आली म्हणून.

"दुलारीबाई!"

तिचे हात थांबले. पण मान खालीच.

"ओ दुलारीबाई!" मी पोटातून हाक मारली.

तिनं मान वर केली. आधी मागं वळून बघितलं, कुणाला हाक मारतायत म्हणून. मागं कडुनिंबाचं खोड होतं, दुसरं कुणी नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली, आणि पदर नीट करत म्हणाली, "हओ."